वीस किलो सरकारी

एक किलो म्हणजे नेमकं किती, हा प्रश्न आमच्या ओळखीतलं कुणी माझ्यासमोर काढत नाही. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. गेली सत्तावीस वर्षं दुकानांतले, गोदामांतले, कारखान्यांतले काटे तपासतो आहे. काटा खोटं बोलत असला तर तो डुलायला लागल्याबरोबर मला कळतं, असं मी पूर्वी चारचौघांत सांगत असे. आता सांगत नाही. का, ते सांगतो.

आमच्या कपाटात एक फाईल होती. तिच्यावर नुसतं 'डोंगर' असं लिहिलेलं. शहरापासून चार तासांवर जो मोठा डोंगर आहे, त्याच्या माथ्याच्या जरा खाली एक निवासगृह आहे. चढाईला येणारी हौशी मंडळी तिथे मुक्काम करतात. तिथपर्यंत रस्ता नाही, त्यामुळे पीठ, तेल, साबण, खिळे, गाद्या, जे काही लागेल ते सगळं हमाल पाठीवरून नेतात. एका खेपेला पंचवीस किलो, असा तिथला नियम. पायथ्याशी काटा नाही. अंदाजाने भरायचं, वर नेऊन काट्यावर ठेवायचं. पंचवीस भरलं तर ठीक, नाहीतर वहीत नावापुढे 'कमी' असा शिक्का. एका हंगामात बारा वेळा 'कमी' लागलं की त्या हमालाचं नाव यादीतून जातं.

तीन वर्षांपूर्वी तिथल्या एका हमाल बाईंचं पोस्टकार्ड आमच्याकडे आलं होतं, की वरचा काटा कमी दाखवतो, येऊन बघावा. त्यावर पहिल्या वर्षीचा शेरा होता, 'जाण्यास रस्ता नाही. पुढील वर्षी पाहावे.' दुसऱ्या वर्षीचा शेरा होता, 'मागील शेरा पाहावा.' दोन्ही शेऱ्यांखाली एक सुरेख, वळणदार सही होती. सही माझीच होती. काम टाळायचं तर निदान अक्षर तरी चांगलं असावं, असं माझं मत आहे.

यंदा दुसरं कार्ड आलं. 'या हंगामात माझ्या नावापुढे अकरा कमी लागले आहेत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी यादी होणार. सगळे म्हणतात माझं वय झालं. त्याआधी काटा बघा. काटा बरोबर निघाला तर मी आपणहून नाव काढून घेईन.' हे कार्ड नेमकं आमच्या नव्या मोठ्या मॅडमच्या हातात पडलं. त्यांनी भर बैठकीत फाईल उघडून, हे दोन शेरे कुणाचे, असं अगदी सौम्यपणे विचारलं. मी म्हणालो, "मॅडम, मी निघतच होतो." यावर आमचा ज्येष्ठ कारकून माझ्या चेहऱ्याकडे न बघता पोटाकडे बघून हसला. तिथेच माझा निश्चय पक्का झाला. माणूस न्यायासाठी डोंगर चढतो असं पुस्तकांत असतं. मी एका कारकुनाच्या हसण्यामुळे चढलो.

निश्चय करायला अर्धं मिनिट लागलं, परवानग्यांना नऊ दिवस. आमच्या नियमाप्रमाणे तपासणीची अधिकृत वजनं निरीक्षकाने स्वतःच्या ताब्यात न्यायची असतात. दुसऱ्याच्या पाठीवर दिली की ताबा सुटला, आणि ताबा सुटला की तपासणी रद्द. दहाचं एक, पाचाचं एक, दोनाची दोन आणि एकाचं एक, अशी वीस किलोंची पोलादी वजनं. इथे एक नाजूक गोष्ट कबूल करायला हवी. सत्तावीस वर्षांत ही वजनं मी स्वतः कधीच उचलली नव्हती. शिपाई उचलत असे. मी फक्त कुठलं ठेवायचं ते बोटाने दाखवत असे, आणि तेही काम मला दमवणारं वाटे.

वजनांची एक लाकडी पेटी असते, आतून मखमल लावलेली. ती नुसती रिकामीच सहा किलोंची. पेटी पाठीवर घेऊन डोंगर चढता येत नाही, हे मी लेखी कळवलं. पेटीशिवाय वजनं नेता येत नाहीत, हे मला लेखी कळवण्यात आलं. चार दिवस आमची दोन टेबलं एकमेकांना पत्रं लिहीत होती. टेबलं शेजारी-शेजारी आहेत. शेवटी 'मऊ कापडाच्या स्वतंत्र पिशव्यांत, हातमोजे घालूनच हाताळण्याच्या अटीवर' अशी सवलत निघाली. पिशव्या बायकोने शिवल्या. प्रत्येक पिशवीला नाडी लावली, आणि दहा किलोच्या पिशवीवर तिने हौसेने एक निळं फूलही काढलं.

मग काठ्यांचं प्रकरण. चढाईला दोन काठ्या लागतात, लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या, असं मला दुकानदाराने सांगितलं होतं. मी भांडारातून मागणी केली. भांडारपाल म्हणाला, एक काठी असेल तर ती वैद्यकीय मदतीत बसते, डॉक्टरचा दाखला आणा. दोन काठ्या असतील तर ते खेळाचं साहित्य, क्रीडा समितीचा ठराव आणा. मी विचारलं, एक काठी वैद्यकीय आणि एक खेळाची असं करता येईल का. तो बराच वेळ गंभीरपणे विचार करत होता, म्हणून मीच घाबरून काठ्या स्वतः विकत घेतल्या.

घरी मी सराव सुरू केला. सरकारी वजनं घरी नेता येत नसल्यामुळे पाठपिशवीत घरातलं जड सामान भरलं: इस्त्री, दोन जाडे शब्दकोश, पाण्याच्या बाटल्या, आणि लग्नात आहेर म्हणून आलेलं एक संगमरवरी घड्याळ. हे घड्याळ पहिल्या वर्षीच बंद पडलं होतं. आमच्या इमारतीला पाच मजले आहेत. मी पहाटे सहाला पिशवी पाठीवर टाकली, हातात दोन काठ्या घेतल्या आणि जिना चढायला लागलो. दुसऱ्या मजल्यावर माझ्या पाठीत टोले पडायला लागले. हिसक्यांनी घड्याळ चालू झालं होतं, आणि इतक्या वर्षांची कसर काढत असल्यासारखं ते ठोके देत होतं. चार दारं उघडली.

समोरच्या वहिनींनी दुपारी बायकोला बाजूला घेऊन, तुमचं काही बिनसलंय का, असं विचारलं. भल्या पहाटे नवरा पिशवी भरून, घड्याळ घेऊन घराबाहेर पडतो आणि तासाभराने घामाघूम होऊन परत येतो, याचा त्यांनी त्यांच्या परीने अर्थ लावला होता. बायकोने सांगितलं, सध्या ते जातायत आणि येतायत, एवढंच मला माहीत आहे. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त कवायतमास्तर मात्र खुशीत होते. त्यांना सात वर्षांत कुणी शिकवायला मिळालं नव्हतं. उजवा पाय पुढे तेव्हा डावी काठी पुढे, डावा पाय पुढे तेव्हा उजवी, असं ते जिन्याच्या तोंडाशी उभे राहून म्हणत असत. या गोष्टीचा विचार न करता माणूस जन्मभर बिनचूक चालतो. विचार करायला लागल्यावर मात्र माझा उजवा पाय आणि उजवी काठी एकदमच निघू लागली आणि मी भिंतीला जाऊन टेकलो.

शुक्रवारी पहाटे कार्यालय उघडवून वजनं घेतली आणि पहिल्या बसने निघून मी डोंगराच्या पायथ्याशी उतरलो. तिथे एका दगडी ओट्यापाशी ओझी बांधण्याचं काम चाललं होतं. सात-आठ तरुण हमाल होते आणि त्यांच्यात एक बाई. पन्नाशीच्या, किरकोळ अंगाच्या, पायात साधे बूट, कपाळावर एक रुंद पट्टा. सगळे त्यांना मावशी म्हणत होते, म्हणून मीही म्हणालो. कार्ड लिहिणाऱ्या त्याच. मी निरीक्षक म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. आनंद दिसला नाही. त्यांनी माझी पिशवी एका हाताने जमिनीवरून वीतभर उचलली आणि परत ठेवली.

"चोवीस आहे," त्या म्हणाल्या.

मी हसून सांगितलं, की वजनं वीस, पाणी आणि कागदपत्रं मिळून तीन, एकूण तेवीस. मी व्यवसायानेच वजनातला माणूस आहे. त्या आपलं ओझं बांधायला वळल्या. पुढच्या विसाव्याला मी टॉवेलासाठी पिशवीत हात घातला, तेव्हा तळाशी बायकोने मला न सांगता ठेवलेला बिस्किटांचा डबा, लोकरीची बंडी आणि पायाला लावायच्या तेलाची बाटली सापडली. सगळं मिळून किलोभर सहज होतं.

चढ सुरू झाला. सुरुवातीची दहा मिनिटं मी अतिशय चांगला गिर्यारोहक होतो. अकराव्या मिनिटाला पिशवीचे पट्टे खांद्यात रुतले. विसाव्या मिनिटाला मला शरीरात कुठे कुठे काय काय आहे याची माहिती मिळायला लागली. मांडीच्या पुढच्या बाजूला एक स्नायू असतो, त्याची आणि माझी पन्नास वर्षांत गाठ पडली नव्हती. श्वास नाकाने घ्यावा की तोंडाने हा विषयच उरला नाही. जिथून मिळेल तिथून तो घेत होतो. घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरत होता, आणि दोन्ही हातांत काठ्या असल्यामुळे पुसता येत नव्हता. पाठीवरची दहा किलोची पिशवी, जिच्यावर निळं फूल होतं ती, नेमकी माझ्या माकडहाडावर बसली होती.

आणि तरीही एक सांगायलाच हवं. सत्तावीस वर्षं मी किलो हा शब्द दिवसातून शंभरदा लिहिला. किलो म्हणजे काय ते मला त्या वाटेवर कळलं. तो कागदावरचा आकडा नव्हता. तो एक हट्टी प्राणी होता, मी एक पाऊल वर टाकलं की तो मला दोन बोटं मागे ओढत होता. असे वीस होते. आणि माझ्यापुढे ही बाई चालली होती, कपाळाच्या पट्ट्यावर माझ्यापेक्षा जास्त ओझं घेऊन, आणि तिचं पाऊल पडलेलं ऐकूही येत नव्हतं.

त्यांचं चालणं मी नीट बघितलं, कारण मान वर करता येत नसल्यामुळे दुसरं काही दिसतच नव्हतं. त्या घाई करत नव्हत्या. दगडावर पाऊल पूर्ण टेकायचं, गुडघा सरळ करायचा, अंग त्यावर आणायचं, आणि अर्धा क्षण थांबायचं. त्या अर्ध्या क्षणात मागचा पाय विश्रांती घेत असे. म्हणजे प्रत्येक पावलाला एक पाय काम करत होता आणि एक सुट्टीवर होता. हातात एक आखूड, जाड काठी, तिच्या टोकाला आडवं लाकूड. थांबायचं झालं की ती काठी मागे ओझ्याखाली लावून त्या उभ्या उभ्याच टेकत. ओझं खाली ठेवलं की परत उचलायला दुप्पट ताकद जाते, म्हणून ते ठेवायचंच नाही. मी तर थांबलो की पिशवीसकट उताणा पडत असे, आणि उठताना मला दोन तरुण हमाल दोन्ही काठ्यांना धरून उभा करत.

तिसऱ्यांदा मला उभं केल्यावर मावशी म्हणाल्या, "साहेब, काठ्यांकडे बघू नका. माझ्या टाचेकडे बघा. ती उचलली की तुम्ही उचला."

कवायतमास्तरांचे आठ दिवस त्यांनी या एका वाक्यात मोडीत काढले. मी टाचेकडे बघू लागलो. टाच उठली, मी उठलो. टाच टेकली, मी टेकलो. थोड्या वेळाने काय झालं मला सांगता येणार नाही, पण काठ्या आपोआप बरोबर पडायला लागल्या. टक, टक, टक. ओझं तेवढंच होतं, पण ते आता माझ्याशी भांडत नव्हतं. मला स्वतःच्या शरीराबद्दल इतका आदर आयुष्यात कधी वाटला नव्हता. हे पोट, हे गुडघे, ही सत्तावीस वर्षं खुर्चीत बसलेली पाठ, यांनी मला न विचारता एवढा डोंगर उचलायला घेतला होता. मला भरून आलं. घामात ते कुणाला दिसलं नाही.

दुपारी झाडी संपली आणि उघडा कडा आला. मी मान वर केली आणि तिथेच उभा राहिलो. वर नुसता दगड आणि आकाश. खाली, आम्ही जिथून निघालो तो ओटा नखाएवढासुद्धा दिसत नव्हता. वारा असा, की तोंड उघडलं तर आपोआप भरत होतं. एवढ्या मोठ्या जागेत मी एवढासा माणूस, आणि माझ्या पाठीवर बरोबर वीस सरकारी किलो, एक ग्रॅम इकडेतिकडे नाही. हे सगळं कुणी, कशाने मोजलं असेल, असा एक विचार मनात आला.

अशा उदात्त विचारांत असतानाच माझ्या डाव्या काठीचं लांबी पक्की करणारं कुलूप सरकलं आणि काठी आत घुसून हातभर उरली. कुलूप फिरता फिरेना. तरुण हमाल पुढे गेले होते, मावशी वळणापलीकडे उभ्या होत्या, आणि त्यांना हाक मारून चौथ्यांदा मदत मागणं माझ्या जिवावर आलं. ठोकायला दगड शोधला. जे होते ते डोंगराला चिकटलेले होते. मग मी जे केलं ते लिहिताना आजही हात अडखळतो. मी पिशवीत हात घातला, एक किलोचं वजन काढलं, हातमोजासुद्धा न घालता, आणि त्याने काठीचं कुलूप ठोकलं. तीन ठोक्यांत ते सुटलं. वजनाच्या कडेवर एक लख्ख चरा उमटला.

ज्या वजनाला आमच्याकडे श्वासाची वाफ लागू देत नाहीत, त्याचा मी हातोडा केला होता. चरा पडलेलं वजन त्याच क्षणी बाद होतं. दुकानदारांना याच गोष्टीवरून मी किती झापलं होतं ते मला एकेक करून आठवलं. वर पोचेपर्यंतचा तास मी मान खाली घालूनच चाललो. मावशींना वाटलं मी दमलो.

निवासगृह म्हणजे दगडी भिंतींची, पत्र्याच्या छपराची एक लांबलचक खोली. मधोमध मोठी चूल, भिंतीला रांगेने खाटा, आणि दाराजवळच्या कोपऱ्यात, नव्या लाकडी फळ्यांच्या जमिनीवर, तो काटा. मोठी तबकडी, खाली चौकोनी पाट. व्यवस्थापक हसतमुख माणूस होता. त्याने मला गरम पाणी दिलं, पाय ठेवायला स्टूल दिलं आणि पहिल्याच दमात सांगितलं, की काटा अगदी सोन्यासारखा आहे, तो स्वतः रोज सकाळी त्यावर उभा राहतो. तीन वर्षांत त्याचं वजन चौदा किलोंनी उतरलं होतं. हा सगळा डोंगराच्या हवेचा गुण. येणाऱ्या प्रवाशांनाही तो काट्यावर उभं करत असे, आणि सगळे आनंदाने परत जात.

मावशींनी ओझं उतरवून काट्यावर ठेवलं. काटा चोवीसवर थांबला. व्यवस्थापकाने वही उघडली. त्याचा चेहरा खरंच उतरला होता. "मावशी, बारावं," तो म्हणाला. "आता माझ्या हातात काही नाही हो."

मी म्हणालो, थांबा, आधी तपासणी. मग मी हातमोजे घातले, वजनं एका स्वच्छ कापडावर मांडली, आणि सगळ्यांसमोर स्वतःच्याच विरुद्ध एक अर्ज भरला. 'निरीक्षकाने एक किलोचे वजन हातोडा म्हणून वापरल्याने ते बाद करण्यात येत आहे.' दोषी व्यक्तीच्या रकान्यात माझं नाव, तपासणाऱ्याच्या रकान्यातही माझंच. साक्षीदार म्हणून व्यवस्थापकाने सही केली. सही करताना त्याच्या मिशा हलत होत्या. हमालांपैकी दोघे बाहेर जाऊन हसून आले. सत्तावीस वर्षांची अब्रू होती, ती पाच मिनिटांत गेली. पण लपवलं असतं तर पुढे कुणीही ती तपासणी रद्द ठरवली असती, आणि मावशींचं नाव गेलं असतं.

एक किलो गेल्यावर उरले एकोणीस. पंचवीसचा काटा एकोणीसने काय, वीसनेही थेट तपासता येत नाही, त्यामुळे आमच्या खात्यातली जुनी युक्ती केली. आधी दहा आणि पाच, असे खात्रीचे पंधरा किलो काट्यावर ठेवले आणि सुई कुठे थांबते तिथे खूण केली. वजनं उतरवून त्या जागी एका पोत्यात दगडगोटे भरत गेलो, सुई त्याच खुणेवर येईपर्यंत. म्हणजे पोतं झालं बरोबर पंधरा, काटा खरं बोलो की खोटं. मग पोत्यावर दहा किलो ठेवले. झाले पंचवीस. मावशी चुलीजवळ उभ्या होत्या, हात मागे बांधून. सुई डुलली, डुलली आणि एकवीसच्या थोडी पुढे थांबली.

पंचवीसला एकवीस. मावशींच्या पाठीवरून आज आलेले चोवीस म्हणजे खरे अठ्ठावीस होते, साडेअठ्ठावीस असतील. तरुण हमाल काट्यावर पंचवीस दिसावेत म्हणून तीस-तीस किलो कोंबत, त्यामुळे त्यांच्यापुढे शिक्के लागत नव्हते.

आता कारण. मी पाट उचलून आतली सगळी यंत्रणा तपासली, स्प्रिंगा पाहिल्या, तेल पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सगळं ठीक. मग जमिनीवर पोटावर आडवा झालो, तेव्हा दिसलं. तीन वर्षांपूर्वी जमिनीला नव्या फळ्या बसवल्या होत्या. त्यांतली एक फळी किंचित वर आली होती आणि पाटाची कड तिच्यावर टेकत होती. ओझ्यातला थोडा भार काटा पेलत होता, थोडा ती फळी. मी आणि व्यवस्थापकाने मिळून काटा भिंतीपासून दोन बोटं पुढे ओढला. पुन्हा पंधराचं पोतं, पुन्हा दहा. सुई पंचवीसवर येऊन उभी राहिली, जराही न हलता.

म्हणजे हे दुरुस्त करायला वीस किलो वजनं लागत नव्हती, पिशव्यांवरची फुलं लागत नव्हती, क्रीडा समिती लागत नव्हती. एक माणूस इथपर्यंत येऊन जमिनीवर आडवा व्हायला हवा होता, एवढंच. तो माणूस तीन वर्षं आमच्या कार्यालयात पंख्याखाली बसला होता. मी पोटावर तसाच पडून राहिलो. उठवेना, आणि या वेळी ते दमल्यामुळे नव्हतं.

व्यवस्थापकाने मावशींचे अकराही शिक्के एका रेघेने खोडले आणि बारावा लावलाच नाही. त्यांची तीनदा माफी मागितली. मग, कुणाचं लक्ष नाही असं बघून, तो स्वतः काट्यावर उभा राहिला. बराच वेळ उतरला नाही. त्या संध्याकाळी त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही, एवढं मी पाहिलं.

मला वाटलं होतं मावशी काहीतरी बोलतील. बरं वाटलं म्हणतील, नाहीतर आम्हाला चार शब्द सुनावतील. त्याला मी तयार होतो. त्या फक्त मान हलवून चुलीतली लाकडं सारखी करायला गेल्या.

सकाळी परतीची तयारी सुरू झाली. खाली जातानाही हमाल रिकामे जात नाहीत. रिकामे डबे, कचरा, धुवायचे कपडे असं पंचवीस किलोंचंच ओझं असतं. व्यवस्थापकाने पहिल्यांदाच ते फार काळजीपूर्वक भरलं, काट्यावर ठेवलं, सुई पंचवीसवर आलेली मला दाखवली. मावशींनी पाठ टेकवली, पट्टा कपाळावर ओढला आणि नेहमीच्या जोराने उठल्या. इतक्या जोराने, की दोन पावलं पुढे जाऊन त्यांना दाराची चौकट धरावी लागली. त्या वळल्या, ओझं परत काट्यावर टेकवलं आणि व्यवस्थापकाकडे बघितलं.

"काही घालायचं राहिलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही मावशी. पंचवीस आहे. पूर्ण."

त्यांनी मागे हात नेऊन ओझं चाचपलं, वर, खाली, दोन्ही बाजूंना. मग काट्याकडे पाहिलं. पाहतच राहिल्या. तरुण हमाल बाहेर खोळंबले होते, पण कुणी हाक मारली नाही.

"साहेब," त्या म्हणाल्या, माझ्याकडे न बघता, "तीन वर्षं मी रोज घरी जाऊन सांगत होते, की मी आता म्हातारी झाले."

मग त्या उठल्या, दारातून वाकून बाहेर पडल्या आणि उताराला लागल्या. मी दोन्ही काठ्या घेऊन त्यांच्या मागे निघालो, पण पहिल्या वळणापर्यंतसुद्धा मला त्यांना गाठता आलं नाही.